‘रडायचे नाही, लढायचे’ : एका घोषणेची झडती

‘रडायचे नाही, लढायचे!’ ही घोषणा आपल्या मोर्च्यांत वर्षानुवर्षे दिली जात आहे. ती ठसकेबाज आहे, जिभेवर चटकन बसते, आणि तहसील कचेरीच्या फाटकापाशी उन्हात ताटकळलेल्या माणसांत ती थोडी धुगधुगी आणते, हे मान्य केले पाहिजे. परंतु घोषणेत चळवळीच्या विचाराचा अर्क उतरलेला असतो, आणि म्हणूनच तिची अधूनमधून झडती घ्यावी लागते. अशी झडती घेतली म्हणजे दिसते की, या तीन शब्दांतून आपण प्रतिपक्षाचाच एक विचार नकळत खांद्यावर वाहत आहोत. पुरुषाने चारचौघांत रडू नये, रडला तर त्याचे पुरुषपण उणावते, आणि जो रडतो तो लढू शकत नाही, असा तो विचार आहे. इतरत्र तो केवळ संकुचित म्हणून सोडून देता आला असता. बीड जिल्ह्यात मात्र तो जिवावर बेतणारा ठरला आहे.

काही आकडे डोळ्यांसमोर ठेवू. २०१५ या दुष्काळी वर्षात बीड जिल्ह्यात ३०१ शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची सरकारदरबारी नोंद झाली. २०२३ साली मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आयुष्य संपवले आणि त्यांपैकी २६९ बीड जिल्ह्यातले होते. दोन्ही वर्षी विभागात बीडचाच क्रमांक पहिला. शेतकऱ्यांपुरते न पाहता सर्व समाजाकडे पाहिले तरी चित्र बोलके आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, आणि त्यांतील १,२२,७२४ पुरुषांच्या होत्या. म्हणजे दर दहा जणांत सात पुरुष. आत्महत्येला एकच एक कारण नसते. नापिकी, कर्ज, शेतमालाचे कोसळलेले भाव आणि पाण्याची वानवा ही कारणे खरीच आहेत व त्यांविरुद्धचा लढा हेच आपले मुख्य काम आहे. परंतु तोच दुष्काळ आणि तेच कर्ज ज्या घरात बाईच्याही डोक्यावर असते, त्या घरातून तिरडी बहुधा पुरुषाची उठते. याचा विचार अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही, आणि समाजवादी कार्यकर्त्याला तर मुळीच नाही.

कोणाचे अश्रू चालतात?

आपला समाज पुरुषाला सरसकट रडू देत नाही, असे म्हणणे अर्धसत्य होईल. ३ जून २०१४ रोजी गोपीनाथ मुंडे यांचे दिल्लीत अपघाती निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी परळीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या दिवशी परळीच्या रस्त्यांवर धिप्पाड माणसे लहान मुलांसारखी हमसून रडत होती. त्यांना कोणी बायकी म्हटले नाही, आणि म्हणू नयेच. गावोगावच्या सप्त्यांत काल्याच्या कीर्तनाला म्हातारे वारकरी धोतराच्या सोग्याने डोळे पुसतात, एकमेकांच्या पाया पडून उराउरी भेटतात. त्यांनाही कोणी हसत नाही. मुलगी सासरी निघाली की मांडवात बाप रडतो, आणि न रडणाऱ्या बापालाच लोक नावे ठेवतात. निवडणुकीच्या सभेत व्यासपीठावरील पुढाऱ्याचा कंठ दाटून आला, की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रे त्याच्या संवेदनशीलतेची वर्णने छापतात.

म्हणजे बंदी अश्रूंवर नाही, काही विशिष्ट अश्रूंवर आहे. नेत्यासाठी, देवासाठी आणि लेकीसाठी पुरुषाने रडावे, पण स्वतःसाठी रडू नये. सोयाबीन हातचे गेले म्हणून, बँकेची नोटीस आली म्हणून, मुकादमाची उचल फिटली नाही म्हणून, कापसाला भाव नाही म्हणून बसस्थानकावर एखादा शेतकरी ढसढसा रडू लागला, तर लोक काय करतात? ओळखीचे असतील ते दंडाला धरून आडोशाला नेतात. अनोळखी असतील ते ‘प्यालेला दिसतो’ म्हणून पुढे जातात. श्रद्धेचे आणि मायेचे अश्रू सार्वजनिक, अन्यायाचे अश्रू मात्र खासगी, अशी ही वाटणी आहे. ती निसर्गाने केलेली नाही. जे अश्रू प्रस्थापित व्यवस्थेला कोणताच प्रश्न विचारत नाहीत त्यांना मोकळीक आहे, आणि जे प्रश्न विचारतात त्यांना ‘रडगाणे’ हे नाव आहे.

सत्तेच्या तोंडी ही भाषा किती सहज येते याचा पुरावा आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्याने पाहिला आहे. मे २०१७ मध्ये तूरखरेदीचा प्रश्न पेटलेला असताना, सत्ताधारी पक्षाचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे यांच्या तोंडून ‘तरी रडतात साले’ हे उद्गार निघाले. गदारोळ उठल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. त्या वेळी सर्वांचा संताप उडाला तो ‘साले’ या शब्दावर. माझ्या मते अधिक घातक शब्द ‘रडतात’ हा होता. केंद्राबाहेर रांगा लागल्या होत्या, पोती पडून होती, भाव हमीभावाच्या खाली गेला होता. शेतकरी मांडत होता तो हिशेब होता. त्या हिशेबाला रडणे म्हटले, की उत्तर देण्याची जबाबदारी संपते. पुढच्याच महिन्यात, १ जूनपासून, पुणतांब्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा संप सुरू झाला आणि २४ जूनला राज्य सरकारला कर्जमाफी जाहीर करावी लागली. ज्यांना ‘रडतात’ म्हणून हिणवले, त्यांनीच महिन्याभरात सरकार हलवले. तेव्हा रडणारा लढत नाही, हा सिद्धान्त आपल्याच डोळ्यांदेखत खोटा ठरला आहे.

कोरडे डोळे हेच तारण

या बंदीचे मूळ केवळ ‘संस्कृती’त शोधून थांबता येणार नाही. तिला भक्कम आर्थिक पाया आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचा पतपुरवठा कोठून होतो ते पाहा. बीड जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक थकलेल्या कर्जांच्या ओझ्याखाली खिळखिळी झाली. राष्ट्रीयीकृत बँका जुने खाते थकले की नवे कर्ज देत नाहीत. बटाईने जमीन कसणाऱ्याच्या नावावर सात-बाराच नसतो, म्हणून त्याला तर बँकेची पायरीही परकी. मग उरतात ते कृषी सेवा केंद्राचा दुकानदार, गावातला बिनपरवाना सावकार, सोयरेधायरे आणि ऊसतोडीची उचल देणारा मुकादम. या सर्वांकडे कर्ज मिळते ते कागदावर कमी आणि ‘पती’वर अधिक. हा माणूस उभा राहील, हा फेडील, याच्या घरात अजून धुगधुगी आहे, या विश्वासावर बी-बियाणे आणि खते उधार मिळतात.

अशा बाजारात पुरुषाने चारचौघांत रडणे म्हणजे आपले दिवाळे आपणच जाहीर करणे होय. आज पारावर तो रडला, की उद्या दुकानदार उधारी बंद करतो, सावकार दारात येऊन बसतो आणि मुलीची ठरत आलेली सोयरीक पाहुणे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून लांबवतात. म्हणून तो कडक इस्त्रीचा सदरा घालून लग्नाच्या पंगतीत वाढतो, मिशीवर ताव देतो, ‘कसं काय चाललंय?’ या प्रश्नाला ‘झकास’ असे उत्तर देतो. आपण याला मराठवाड्याच्या माणसाचा ताठ कणा म्हणतो आणि त्याचे पोवाडे गातो. वस्तुतः तो ताठपणा हे गहाण टाकलेले तारण आहे. शेत गहाण टाकून झाले, दागिने गहाण टाकून झाले, शेवटी माणूस आपला चेहरा गहाण टाकतो. त्या तारणावरचे व्याज तो रात्री एकटा भरत असतो.

या दृष्टीने पाहिले म्हणजे कळते की, ‘मर्दासारखे सहन कर’ हा उपदेश कोणाच्या फायद्याचा आहे. धनकोला गप्प ऋणको हवा असतो, कारण बोलणाऱ्या ऋणकोमुळे व्याजाचा दर गावाला कळतो. विमा कंपनीला, बँकेला आणि शासनालाही तोच हवा असतो. गप्प माणसाच्या दुःखाचा पंचनामा करावा लागत नाही. तो मेल्यावर मात्र पंचनामा होतो. २००५च्या अखेरीस ठरलेल्या निकषांनुसार आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य मिळते. त्यासाठी जमीन कुटुंबाच्या नावावर असावी लागते, आणि कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असून ते थकलेले असावे लागते. समिती बसते आणि प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. म्हणजे जो मनुष्य हयातभर कर्ज लपवून आपली पत राखत होता, त्याच्या विधवेने ते कर्ज कागदांनिशी सिद्ध करायचे. जिवंतपणी बोलणे हा कमीपणा आणि मेल्यावर न बोलणे हा अपात्रतेचा शिक्का, अशा कचाट्यात आपण माणसांना पकडले आहे.

दुःखाचे खासगीकरण

‘आमच्या बापजाद्यांनी यापेक्षा वाईट दिवस काढले, पण कोणी रडले नाही आणि कोणी जीवही दिला नाही,’ असा एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, आणि त्यासाठी १९७२च्या दुष्काळाचा दाखला दिला जातो. दाखला बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. १९७२-७३ साली राज्यभर लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती. दहा-वीस एकरांचा बागायतदार आणि भूमिहीन मजूर एकाच ढिगाऱ्यावर हातोडी चालवत होते. कोणाच्या घरात दाणा नाही हे झाकण्याजोगे राहिलेच नव्हते. दुःख उघडे होते, सामुदायिक होते, आणि म्हणून ते मागणीत रूपांतरित होऊ शकले. त्या उघड्या दुःखातूनच रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. तो १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. समाजवाद्यांसह सर्व डाव्या पक्षांनी त्या काळी काढलेले मोर्चे हे काही हसऱ्या माणसांचे मोर्चे नव्हते.

आजचे संकट निराळ्या घडणीचे आहे. प्रत्येकाचे बोअर वेगळे, प्रत्येकाच्या बियाण्याची पिशवी वेगळी, प्रत्येकाचे कर्ज वेगळे. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागले आणि माझे कोरडे गेले, तर ते माझे दुर्दैव. त्याने बाजार साधला आणि माझा चुकला, तर ती माझी नालायकी. भांडवली शेतीने नफ्याइतकेच अपयशाचेही खासगीकरण केले आहे. संकट सामाजिक आणि लाज वैयक्तिक, या विसंगतीत माणूस एकटा सापडतो. म्हणून १९७२ची माणसे अधिक कणखर होती असे म्हणणे हा आजच्या माणसावर अन्याय आहे. ती माणसे एकटी नव्हती, एवढाच फरक.

शासनाला हे अगदीच कळले नाही असे नाही. २०१५ पासून आत्महत्याप्रवण जिल्ह्यांसाठी आरोग्य विभागाने ‘प्रेरणा’ प्रकल्प चालवला. आशा कार्यकर्तीने घरोघर जाऊन झोप लागते का, जेवण जाते का, मनात वाईट विचार येतात का, असे विचारायचे, अशी त्यात सोय होती. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांकही आज उपलब्ध आहे, आणि आपल्या प्रत्येक शाखेच्या फलकावर तो लिहिलेला असावा. परंतु ओसरीत बसलेला घरातला कर्ता पुरुष, समोर वहिनी म्हणून ओळखीची आशाताई, दारात म्हातारी आई, आतून कान देऊन ऐकणारी बायको, आणि प्रश्न असा की ‘तुम्हाला रडू येतं का?’ या प्रश्नाला त्याने काय उत्तर द्यावे? तो म्हणतो, ‘समदं बरं हाय.’ कागदावर फुली पडते आणि सर्वेक्षण पूर्ण होते. उपचारकाची उणीव भासतेच, पण त्याहूनही मोठी उणीव आहे ती खरे उत्तर देण्याजोग्या सामाजिक हवेची.

बांगड्यांचा आहेर

आता थोडे आपल्याच अंगणात पाहू. निष्क्रिय अधिकाऱ्याला किंवा मंत्र्याला बांगड्यांचा आहेर करणे हा आपल्याकडे आंदोलनाचा एक लोकप्रिय प्रकार आहे. सर्वच पक्ष तो करतात. स्त्री-पुरुष समतेचे ठराव करणाऱ्या संघटनांचे कार्यकर्तेही त्यात मागे नाहीत. त्याचा अर्थ काय? जो दुबळा, भित्रा आणि कर्तव्यशून्य तो बाईसारखा. ज्या जिल्ह्यातल्या बाया बांगड्या भरलेल्या हातांनी पहाटेच्या अंधारात फडात मोळ्या बांधतात आणि डोक्यावरून गाडीत भरतात, त्या जिल्ह्यात बांगडीला भ्याडपणाचे चिन्ह मानावे, यापरता विनोद नाही. ऊसतोडीच्या करारात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. हिशेबात दोघे एक, मग घामात आणि अश्रूंत दोघांची जात वेगळी कशी?

‘पुरुषांच्या रडण्याची कसली काळजी करता? रडवल्या गेलेल्या बायकांकडे पाहा,’ असा आक्षेप आपल्या काही भगिनी घेतील. त्यांचा रोष योग्य आहे. २०१९ साली ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयशस्त्रक्रियांची चौकशी झाली, तेव्हा बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. एक दिवस कामावर न जाणे म्हणजे ‘खाडा’, आणि खाड्याला दंड. दुखणे सांगायला सवड नाही, म्हणून दुखणारा अवयवच काढून टाकायचा. हे क्रौर्य आणि पुरुषाला ‘रडू नको’ म्हणणारे क्रौर्य एकाच मुशीतून निघालेले आहे. दोन्हींचा आदेश एकच : शरीर आणि मन काही बोलू लागले तर त्याचे तोंड बंद करा, काम थांबता कामा नये. शिवाय जो पुरुष जगासमोर कोरडा राहतो तो घरात कोरडा राहत नाही. गिळलेले दुःख दारूच्या गुत्त्यावरून बायकोच्या पाठीवर उतरते. याला समर्थन नाही, आणि ‘बिचारा खचला होता’ ही सबब तर कदापि मान्य होऊ नये. परंतु ज्या समाजात पुरुषाला राग तेवढा दाखवण्याची परवानगी आहे आणि दुःख दाखवण्याची नाही, तेथे त्याचे प्रत्येक दुःख रागाचा वेष घेऊन बाहेर पडेल. अशा रागाचा मार बहुतेक वेळा बाईच खाते. म्हणून पुरुषाच्या अश्रूंचा प्रश्न हा स्त्रीमुक्तीला फाटा देणारा प्रश्न नाही. तो तिच्याच वाटेवरचा आहे.

विनवणी आणि साक्ष

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो दलित चळवळीच्या अनुभवातून येतो. ज्यांना पिढ्यानपिढ्या हात पसरून, गयावया करून जगावे लागले, त्यांना डॉ. आंबेडकरांनी ताठ मानेने उभे राहण्यास शिकवले. त्यांना पुन्हा अश्रूंची महती सांगू नका, असे कोणी म्हटल्यास ते समजण्यासारखे आहे. येथे एक भेद केला पाहिजे. विनवणीचे अश्रू आणि साक्षीचे अश्रू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विनवणीचे अश्रू मालकाच्या पायाशी गळतात व दयेची याचना करतात. साक्षीचे अश्रू बरोबरीच्या माणसांसमोर येतात आणि ‘माझ्यावर हे घडले’ असे सांगतात. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले. या पुरुषांनी आपली भूक, अपमान आणि कोंडमारा भर चौकात मांडला. दिवाणखान्यात बसून त्याला रडगाणे म्हणणारेही होते. परंतु ती याचना नव्हती, साक्ष होती, आणि तिने मराठी समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ताठ मान आणि ओले डोळे एकाच देहात नांदू शकतात, हे दलित लेखकांनीच आपल्याला दाखवले आहे.

अलीकडचे उदाहरण आपल्या केज तालुक्यातले. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण होऊन निर्घृण हत्या झाली. त्यानंतरच्या महिन्यांत त्यांच्या भावाला साऱ्या महाराष्ट्राने रडताना पाहिले, आणि त्याच भावाला न्यायासाठी पाण्याच्या टाकीवर चढतानाही पाहिले. मार्च २०२५ च्या प्रारंभी हत्येची छायाचित्रे लोकांसमोर आली, तेव्हा जिल्ह्यातल्या कित्येक पुरुषांनी डोळ्यांतले पाणी लपवले नाही. ४ मार्चला राज्याच्या एका मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. त्यावर येथे भाष्य करण्याचे कारण नाही. परंतु ते रडले म्हणून त्यांची बाजू दुबळी झाली असे कोणी म्हणू शकेल काय? दहशतीने गप्प केलेल्या जिल्ह्यात पहिला आवाज फुटला तो हुंदक्याच्या रूपाने, आणि त्याच्या मागोमाग माणसे रस्त्यावर आली.

गुरुजींचा वारसा

आपण तर या बाबतीत कोणाकडून उसनवारी करण्याचे कारणच नाही. या देशातील समाजवादी चळवळीच्या मराठी परंपरेच्या उगमाशी जो माणूस उभा आहे, त्याची आयुष्यभर ‘रडका’ म्हणून टिंगल झाली. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिने महाराष्ट्राच्या पिढ्यांना रडवले आणि बुद्धिवंतांनी त्याबद्दल नाके मुरडली. पण हाच मुळूमुळू रडणारा माणूस इंग्रजांच्या तुरुंगात वारंवार गेला, खानदेशातील शेतकरी आणि कामगार यांच्यासाठी झुंजला आणि १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्याने प्राण पणाला लावून उपोषण केले. दहाव्या दिवशी ते सुटले ते मंदिर खुले होण्याचे निश्चित झाल्यावरच. मिशांना पीळ देणारे किती वीर त्या वेळी देवळाच्या दारात दलितांच्या बाजूने उभे होते, याचा हिशेब कोणी मांडावा.

गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपवले, हे सांगून कोणी म्हणेल की पाहा, हळवेपणाचा शेवट असा होतो. हा युक्तिवाद उलटा आहे. ते सर्वांसाठी रडले. परंतु त्यांच्या स्वतःच्या निराशेसाठी चळवळीत एखादा खांदा मोकळा होता काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. अश्रू माणसाला मारत नाहीत. ज्यांचे अश्रू पाहायला कोणी थांबत नाही, ती माणसे मरतात.

यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह आत्महत्या केली. त्या घटनेच्या स्मरणार्थ आपल्या अंबाजोगाईचे अमर हबीब यांच्या पुढाकाराने २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला एक दिवसाचा अन्नत्याग केला जातो. त्यांच्या किसानपुत्र आंदोलनाचा आर्थिक विचार, विशेषतः कमाल जमीनधारणेचा कायदा रद्द करण्याची मागणी, आपल्याला मान्य होणारी नाही. पण शेतकऱ्याच्या मरणाचा शोक हा त्याच्या घराच्या चार भिंतींतला नसून समाजाचा आहे, हे त्यांनी कृतीने सांगितले. वैचारिक मतभेद राखूनही ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

तर मग करायचे काय?

पहिली गोष्ट म्हणजे कर्जाचे सामुदायिक उघडीकरण. एकटा माणूस आपले कर्ज बोलला तर त्याची पत जाते. पण वाडी-वस्तीवरच्या चाळीस घरांनी एकाच बैठकीत, एकमेकांसमोर, आपापले कर्ज, व्याजाचा दर आणि धनकोचा प्रकार सांगितला, तर कोणा एकाची पत जाण्याचे कारण उरत नाही. उलट सावकाराचा दर उघडा पडतो, आणि २०१४च्या सावकारी नियमन कायद्याखाली तक्रार करायला बळ येते. १८७५ साली पुणे-नगर भागातील शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, तेव्हा त्यांच्या संघटनेचा पाया हाच होता की कर्ज ही झाकायची गोष्ट राहिली नव्हती. आज वह्या जाळायच्या नाहीत, उघडायच्या आहेत. अशा बैठकीत एखाद्याचा कंठ दाटला तर त्याला पाण्याचा तांब्या द्यावा आणि थांबावे. ‘असं काय बायकांसारखं’ हे वाक्य आपल्या बैठकीत उच्चारले जाऊ नये.

दुसरी गोष्ट सांत्वनाच्या भेटीची. आत्महत्याग्रस्त घरी आपण जातो, फोटो निघतो, निवेदन तयार होते. आणि निघताना कोणीतरी दहा-बारा वर्षांच्या पोराच्या पाठीवर थाप मारून म्हणतो, ‘रडू नको, आता तूच घरातला कर्ता पुरुष.’ ज्या ओझ्याखाली बाप मेला तेच ओझे त्याच दिवशी मुलाच्या खांद्यावर ठेवण्याचा हा विधी आहे. तो आपल्या कार्यकर्त्यांनी तरी बंद करावा. त्या मुलाला रडू द्यावे, त्याच्या शाळेची व्यवस्था पाहावी, आणि जमीन व वारसनोंद आईच्या नावावर झाली का हे तलाठ्याकडे जाऊन तपासावे.

तिसरी गोष्ट, बांगड्यांचा आहेर आपल्या आंदोलनाच्या साधनांतून कायमचा काढून टाकावा. आणि चौथी, जिच्यावाचून वरील तिन्ही गोष्टी निव्वळ सद्भावना ठरतील : बटाईदारासह प्रत्येक कसणाऱ्याला संस्थात्मक कर्ज, ऊसतोड मजुराला उचलीच्या फासातून सोडवणारी कायदेशीर नोंदणी व मजुरीची हमी, आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराची नियमित सोय. जोवर पोटाला लागणारे कर्ज चेहऱ्याच्या तारणावर मिळते, तोवर माणसे चेहरा कोरडाच ठेवतील. त्यांना ‘मोकळे व्हा’ म्हणून नुसता उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला पचनाचे नियम सांगणे होय.

या मागण्यांसाठी लढावेच लागेल. पण लढाईला निघणारी माणसे कोठून येतात, हे विसरून चालणार नाही. ती ज्या घरांतून येतात, तेथे कोणीतरी रात्री उशाशी तोंड दाबून रडलेले असते. त्या रडण्याला लाज वाटायला लावणारी घोषणा त्या माणसाला मोर्च्यापर्यंत येऊच देत नाही. तो घरीच राहतो, आणि एके सकाळी आपल्याला निरोप येतो. म्हणून, साथींनो, पुढच्या मोर्च्यात घोषणा द्यायची असेल तर तिच्यातला तो ‘नाही’ काढून टाका. आधी एकमेकांसमोर रडता येऊ द्या. जो सोबत्यासमोर रडू शकतो, त्याला सरकारसमोर ओरडण्याचे भय उरत नाही.